संशोधक बदलले की प्रश्न बदलतात

पक्ष्यांमध्ये गातो तो नर, ही समजूत जीवशास्त्रात फार काळ जवळपास नियमासारखी वावरत होती. डार्विनने लैंगिक निवडीची कल्पना मांडली तेव्हापासून हे उदाहरण ठरलेलं: नर गातो, मादी ऐकते आणि त्यातून जोडीदार निवडते. मादी गाताना आढळली तर ती अपवादात जमा व्हायची, किंवा तिच्या संप्रेरकांत काही बिघाड असावा असं मानलं जायचं. ज्या प्रजातींत नर आणि मादी दिसायला सारखेच असतात, तिथे तर गाणारा पक्षी दिसला की वहीत ‘नर’ असंच लिहिलं जाई. म्हणजे नियम मोडणारा पुरावासुद्धा नियमाच्याच खात्यात जमा होत होता.

२०१४ साली कॅरन ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या गायक पक्ष्यांविषयी उपलब्ध असलेल्या नोंदी एकत्र तपासल्या. ज्या प्रजातींविषयी पुरेशी माहिती होती, त्यांपैकी ७१ टक्के प्रजातींत माद्याही गातात असं निघालं. शिवाय या सगळ्या पक्ष्यांच्या समान पूर्वजांमध्ये नर-मादी दोघंही गात असावेत, असा निष्कर्ष पुढे आला. त्यामुळे मूळ प्रश्नच उलटा झाला. ‘नर का गाऊ लागले?’ याच्या जोडीला आता ‘काही प्रजातींत माद्यांनी गाणं का सोडलं?’ हे शोधणं भाग पडलं.

हे इतकी वर्षं दिसलं कसं नाही? एक कारण भूगोलाचं आहे. पक्षिगानावरचं बहुतेक संशोधन युरोप आणि उत्तर अमेरिकेत झालं, आणि तिथल्या थंड, समशीतोष्ण प्रदेशांत गाणाऱ्या माद्या तुलनेने कमी आहेत. उष्ण कटिबंधात आणि ऑस्ट्रेलियात त्या भरपूर आहेत. दुसरं कारण अभ्यासकांचं. २०२० मध्ये पक्षिगानाच्याच काही अभ्यासकांनी मागच्या वीस वर्षांतले शोधनिबंध चाळून पाहिले. पक्षिगानावरच्या एकूण निबंधांपैकी ४४ टक्क्यांच्या पहिल्या लेखिका, म्हणजे सहसा मुख्य काम करणाऱ्या, स्त्रिया होत्या. पण मादीच्या गाण्यावरच्या निबंधांत हेच प्रमाण ६८ टक्के होतं. पक्षी तेच होते, ध्वनिमुद्रणाची यंत्रंही तीच होती. फरक होता तो कोणता प्रश्न हाती घ्यावासा वाटतो याचा.

या आकड्यांचा एक अर्थ चटकन लावला जातो आणि तो चुकीचा आहे: स्त्रियांची नजर निसर्गतःच वेगळी असते, त्या अधिक हळव्या किंवा अधिक संयमी असतात, म्हणून त्यांचं विज्ञानही वेगळं असतं. मानववंशशास्त्रज्ञ लुई लीकी यांचं मत असंच काहीसं होतं. जेन गुडॉल, डायन फॉसी आणि बिरुटे गाल्डिकास यांना वानरकुळातल्या प्राण्यांच्या अभ्यासाला पाठवणारे ते हेच. त्यांच्या प्रोत्साहनातून मोठं काम उभं राहिलं हे खरं, पण म्हणून त्यामागचं कारण पटवून घ्यायची गरज नाही. पुरावे जे सांगतात ते जास्त साधं आणि जास्त उपयोगाचं आहे. प्रत्येक संशोधक काही गोष्टी गृहीत धरून कामाला लागतो. एखाद्या ज्ञानशाखेतले जवळपास सगळे लोक एकाच प्रकारचं आयुष्य जगलेले असले, तर त्यांची गृहीतकंही जुळतात, आणि सगळ्यांनीच गृहीत धरलेली गोष्ट कुणीच तपासत नाही. वेगळ्या अनुभवाची माणसं आली की त्यांतल्या काही गोष्टींना पहिल्यांदाच ‘हे कशावरून?’ असं विचारलं जातं. तत्त्वज्ञ हेलन लाँजिनो यांनी १९९० मध्ये हाच मुद्दा नीट मांडला: वस्तुनिष्ठता ही एकट्या संशोधकाच्या डोक्यात नसते, ती एकमेकांची गृहीतकं तपासणाऱ्या समूहात असते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली हीच आहे.

माकडांच्या टोळीत काय चाललं होतं

हा बदल सर्वांत ठळक दिसतो तो प्रायमेट-अभ्यासात, म्हणजे माकडं, वानरं आणि त्यांच्या कुळातल्या प्राण्यांच्या अभ्यासात. १९६० च्या दशकात या शाखेत आफ्रिकेतल्या सव्हाना, म्हणजे गवताळ प्रदेशातल्या बबून माकडांचं चित्र गाजत होतं. मध्यभागी ताकदवान नर, त्यांची कडक उतरंड, संकट आलं की टोळीचं रक्षण करणारे तेच, आणि माद्या म्हणजे पिल्लं सांभाळणाऱ्या, ज्यांच्यावरून नर भांडतात अशा. माणसाचा आदिम समाजही साधारण असाच असावा, असा अंदाज या चित्रावरून बांधला जाई.

त्याच दशकात थेल्मा रोवेल युगांडातल्या जंगलात बबून पाहत होत्या. त्यांना उलटंच दृश्य दिसलं. धोका जाणवला की मोठे नर लांब पायांनी सर्वांत आधी झाडावर पोचत. पिल्लं पोटाशी धरलेल्या माद्या मागे राहत. नरांची ती प्रसिद्ध उतरंडही त्यांना तिथे फारशी आढळली नाही. जिथे उतरंड दिसते तिथे ती कितपत नैसर्गिक आणि कितपत पिंजऱ्यामुळे किंवा आयत्या खाण्यामुळे तयार झालेली, हा प्रश्न त्यांनी पुढे रेटला.

पण माझ्या दृष्टीने या शाखेला खरं वळण देणारी गोष्ट मैदानात नाही, कागदावर घडली. जीन ऑल्टमन मूळच्या गणिताच्या विद्यार्थिनी. केनियातल्या अंबोसेली भागात त्या बबूनवर काम करत. १९७४ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला. त्यात नवा प्राणी नाही, नवा सिद्धांत नाही. निरीक्षण कसं करावं, एवढाच विषय. तोवर बरेच संशोधक टोळीसमोर बसून जे नजरेत भरेल ते लिहून घेत. नजरेत काय भरतं? मारामारी, पाठलाग, आरडाओरडा. हे सगळं बहुतेक वेळा मोठे नर करतात. मादीचा दिवस खाणं शोधण्यात, पिल्लाला सांभाळण्यात आणि दुसऱ्या माद्यांचे केस विंचरण्यात जातो. त्यात बघणाऱ्याचं लक्ष खेचणारं काही नसतं. ऑल्टमन यांनी सांगितलं की कोणता प्राणी पाहायचा आणि किती वेळ पाहायचा हे आधीच ठरवा. त्या ठरलेल्या वेळात तो झोपला तरी ती नोंद करा. प्रत्येक प्राण्याच्या वाट्याला सारखा वेळ येऊ द्या.

या पद्धतीत ‘स्त्री’ हा शब्दही येत नाही. पण ती वापरताच माद्यांचं आयुष्य नोंदींत उतरू लागलं आणि टोळीचं चित्रच बदललं. बबूनच्या अनेक टोळ्यांत नर मोठे झाले की टोळी सोडून जातात. पिढ्यानपिढ्या टोळीत राहतात त्या माद्या, आणि टोळीचा कणा त्यांच्या नात्यांचा असतो. आज प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारा कोणताही विद्यार्थी, मग तो किडे बघत असो की देवमासे, हा १९७४ चा निबंध वाचतो. ज्ञानशाखा बदलते ती अशी. सुरुवातीला कुणाला तरी काहीतरी खटकतं. त्यातून पद्धत तयार होते. आणि मग ती पद्धत सगळ्यांची होते.

याच काळातली भारतातली एक गोष्टही इथे सांगायला हवी. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी साठच्या दशकात धारवाडजवळ वानरांच्या (हनुमान लंगुरांच्या) टोळ्या पाहताना एक विचित्र प्रकार नोंदवला होता: टोळी जिंकून घेणारा नवा नर आधीची पिल्लं मारून टाकतो. १९७१ मध्ये सेरा ब्लॅफर हर्डी याच प्रश्नाचा माग काढत राजस्थानात अबूच्या डोंगरावर आल्या. गर्दीमुळे बिघडलेलं वर्तन, ही त्यांचीही पहिली समजूत होती. प्रत्यक्ष निरीक्षणांनी त्यांना वेगळं सांगितलं. पिल्लं मारणारा नर टोळीत बाहेरून आलेला असे. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येई आणि पुढचं पिल्लू त्याचं होई. इथपर्यंत ही नराचीच कथा झाली. हर्डी तिथे थांबल्या नाहीत. मग माद्या काय करतात, असं त्यांनी विचारलं. माद्या एकाहून अधिक नरांशी, कधी कधी आधीच गाभण असतानाही, संबंध ठेवतात असं त्यांना दिसलं. आपण बाप असू शकतो असं ज्या नराला वाटेल तो पिल्लाला मारणार नाही, असा त्यामागचा त्यांचा तर्क होता. लाजरी, वाट पाहणारी मादी हे जुनं चित्र त्यानंतर टिकणं अवघड झालं.

हर्डींच्या सर्वांत ठाम टीकाकारही एक स्त्रीच होत्या: फिलिस डॉलहिनाव. त्यांनी हर्डींच्याही आधी भारतातच वानरांवर काम केलं होतं, आणि पिल्लांची हत्या म्हणजे गर्दीतून आलेली विकृती आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. वाद बरीच वर्षं चालला आणि इतर प्रजातींतले पुरावे जमत गेले तसा हर्डींच्या बाजूने झुकला. ‘स्त्रियांचा दृष्टिकोन’ नावाची एकच एक गोष्ट नसते, याचा याहून स्वच्छ दाखला मला माहीत नाही.

उलट बाजूही आहे. जपानमध्ये किंजी इमानिशी यांच्या गटाने १९४८ पासून तिथल्या माकडांचा अभ्यास सुरू केला. एकेका माकडाला ओळखायचं, नाव द्यायचं आणि वर्षानुवर्षं त्याचा माग ठेवायचा, ही त्यांची रीत. मुलीचा टोळीतला दर्जा आईच्या दर्जावरून ठरतो, हे त्यांनी पन्नासच्या दशकातच दाखवलं होतं. हे संशोधक बहुतेक पुरुष होते. पाश्चात्त्य अभ्यासकांना त्यांची नावं देण्याची पद्धत बराच काळ अशास्त्रीय वाटत राहिली. तेव्हा वेगळी नजर फक्त लिंगभावातून येते असं नाही. देश, भाषा, परंपरा यांतूनही ती येते.

औषधांची बाब

माकडांविषयी गैरसमज राहिला तर नुकसान ज्ञानाचं होतं. वैद्यकात ते थेट माणसांच्या शरीरावर होतं.

गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यानंतर औषधचाचण्यांबाबत सावधगिरी वाढली. १९७७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना दिली. हेतू संरक्षणाचा होता. पण औषध बाजारात आल्यावर ते स्त्रियाही घेणारच होत्या. म्हणजे त्यांच्यावरची चाचणी टळली नाही. ती फक्त कुणी नोंद न ठेवता घराघरांत होऊ लागली. ॲस्पिरिनने हृदयविकार टळतो का, हे पाहणाऱ्या एका प्रसिद्ध अभ्यासात २२,०७१ डॉक्टर सहभागी होते, आणि ते सगळे पुरुष.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे बदललं. अमेरिकी संसदेतल्या महिला सदस्यांनी हा प्रश्न लावून धरला. १९९१ मध्ये बर्नाडीन हीली या हृदयरोगतज्ज्ञ तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक झाल्या आणि त्याच वर्षी त्यांनी स्त्रियांच्या आरोग्यावरचा एक प्रचंड प्रकल्प जाहीर केला. त्यात १,६०,००० हून अधिक स्त्रिया सहभागी झाल्या. १९९३ मध्ये सरकारी पैशावर चालणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश कायद्यानेच आवश्यक झाला. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेतल्या तर हृदयाचं रक्षण होतं, असं तेव्हा डॉक्टर सर्रास सांगत. हीलींनी सुरू केलेल्या प्रकल्पातली यासंबंधीची एक चाचणी २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचा आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला दिसला. पुढच्या विश्लेषणांतून गोळ्या कोणत्या वयात सुरू केल्या याने फरक पडतो हेही कळलं. मुद्दा असा की हे आधी कुणी नीट तपासलंच नव्हतं.

१९९७ ते २००० या काळात अमेरिकेत दहा औषधं बाजारातून मागे घेतली गेली. त्यांपैकी आठ स्त्रियांसाठी जास्त धोक्याची होती. झोपेचं औषध झोल्पिडेम अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झालं होतं. स्त्रियांच्या रक्तात ते सकाळपर्यंत जास्त प्रमाणात राहतं म्हणून त्यांचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला २०१३ उजाडलं.

प्रयोगशाळेतल्या उंदरांचीही हीच गत. मादीच्या प्रजननचक्रामुळे निष्कर्षांत फार चढउतार येतात, असं कारण देऊन नर उंदीरच वापरले जात. मेंदूविज्ञानातल्या प्राण्यांवरच्या अभ्यासांत फक्त नरांवर केलेल्या अभ्यासांचं प्रमाण फक्त माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाच पट असल्याचं २०११ मध्ये दाखवलं गेलं. २०१४ मध्ये जुने प्रयोग एकत्र करून तपासले तेव्हा मादी उंदरांच्या मोजमापांत नरांपेक्षा जास्त चढउतार नसतातच असं आढळलं. एवढी मोठी प्रथा ज्या कारणावर उभी होती, ते कारणच कुणी मोजलं नव्हतं.

आणि एक शोध असा की मी तो वाचला तेव्हा पुन्हा पहिल्यापासून वाचून काढला. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या वेदनेवर काम करणाऱ्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की खोलीत पुरुष संशोधक असेल तर प्रयोगशाळेतले लहान आणि मोठ्या जातीचे उंदीर वेदना कमी दाखवतात. स्त्री संशोधक असेल तर तसं होत नाही. पुरुषाने रात्री घातलेला टी-शर्ट शेजारी ठेवला तरी तोच परिणाम. नराच्या वासाने प्राण्यांवर ताण येतो आणि त्या ताणाने वेदना दबते. वेदनाशामकांच्या प्रयोगात ही गोष्ट किती गोंधळ घालू शकते याचा विचार करा. प्रयोग कुणी केला, हे लिहिण्याची पद्धतच नव्हती.

आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत

आता कुणी म्हणेल, ही निवडक उदाहरणं झाली. म्हणून मोठे अभ्यास पाहू. २०१७ मध्ये सुमारे १५ लाख वैद्यकीय शोधनिबंध तपासले गेले. ज्यांच्या लेखकांत, विशेषतः पहिल्या किंवा शेवटच्या (सहसा गटप्रमुखाच्या) नावाच्या जागी, स्त्रिया होत्या, त्या निबंधांत निष्कर्ष स्त्री आणि पुरुष असे वेगळे करून पाहण्याचं प्रमाण जास्त होतं. अमेरिकेतल्या जैववैद्यकीय पेटंटांवरचा २०२१ चा अभ्यास सांगतो की फक्त स्त्रिया असलेल्या गटांचा शोध स्त्रियांच्या आरोग्याविषयी असण्याची शक्यता फक्त पुरुष असलेल्या गटांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त होती. २०२२ मध्ये ६६ लाख वैद्यकीय निबंधांच्या पाहणीत स्त्री-पुरुष मिश्र गटांचं काम अधिक नावीन्यपूर्ण आणि अधिक उद्धृत होणारं आढळलं.

हे सगळे परस्परसंबंध आहेत, कार्यकारणभाव सिद्ध करणारे प्रयोग नाहीत. चांगल्या संस्था मिश्र गट बांधतात आणि चांगलं कामही करतात, असंही असू शकतं. शिवाय यांतल्या बहुतेक अभ्यासांत लेखकाचं लिंग त्याच्या पहिल्या नावावरून संगणक ओळखतो. चिनी किंवा कोरियन नावं रोमन लिपीत लिहिली की ही ओळख वारंवार चुकते, आणि स्वतःला स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच न मानणारे संशोधक तर या मोजणीत उरतच नाहीत.

नव्याने आलेला आवाज नेहमी बरोबरच असतो असंही नाही. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी नैतिक विकासाचे टप्पे फक्त मुलग्यांच्या अभ्यासावरून आखले होते. १९८२ मध्ये कॅरोल गिलिगन यांनी त्यावर बोट ठेवलं आणि मुली न्यायापेक्षा काळजीच्या, नात्यांच्या भाषेत विचार करतात असा पर्याय मांडला. नंतरच्या अभ्यासांत मुलगे आणि मुली यांच्यातला हा फरक फारच लहान निघाला. पण मुलग्यांच्या नमुन्यावरून सगळ्या माणसांविषयी बोलायचं नाही, ही त्यांची हरकत टिकली, आणि काळजी हा नीतिशास्त्राचा गंभीर विषय बनला. अर्थशास्त्रात क्लॉडिया गोल्डिन यांचं काम मात्र पुराव्यावर भक्कम उतरलं. जुन्या अमेरिकी जनगणनेत विवाहित बाईच्या व्यवसायापुढे ‘पत्नी’ लिहून मोकळे होत, मग ती शेतात राबत असो की घरच्या धंद्यात. गोल्डिन यांनी इतर नोंदी धुंडाळून दाखवलं की १८९० च्या दशकाअखेरीस काम करणाऱ्या विवाहित स्त्रियांचं प्रमाण जनगणनेतल्या आकड्याच्या जवळपास तिप्पट होतं. २०२३ चं नोबेल त्यांना मिळालं.

जगातल्या संशोधकांत स्त्रिया आजही साधारण एक तृतीयांशच आहेत. आणि नुसतं दार उघडून भागत नाही. अमेरिकेतल्या १९७७ ते २०१५ या काळातल्या सुमारे १२ लाख पीएच.डी. प्रबंधांचा अभ्यास सांगतो की आपल्या शाखेत अल्पसंख्य असलेले विद्यार्थी नव्या कल्पना अधिक मांडतात. पण त्यांच्या त्या कल्पना इतर संशोधक उचलून धरण्याचं प्रमाण मात्र कमी असतं. प्रश्न विचारला जातो आणि तिथेच विरतो. हे मला सर्वांत जास्त लागतं, कारण यात नुकसान त्या व्यक्तीचं तर होतंच, पण जे उत्तर मिळू शकलं असतं तेही हातचं जातं. आणि यात पुरुषच दोषी असंही नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या एका जागेसाठी एकच अर्ज पाठवला गेला, काहींना जॉन या नावाने, काहींना जेनिफर या नावाने. जॉन अधिक लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. हा फरक स्त्री प्राध्यापकांनीही तितकाच केला.

सवयी अशा खोल रुजलेल्या असतात, तेव्हा चांगल्या मनाने वागा असं सांगून फारसं काही होत नाही. व्यवस्था बदलावी लागते. हबल दुर्बिणीचा वेळ मिळवण्यासाठी खगोलशास्त्रज्ञांत मोठी चुरस असते. वर्षानुवर्षं पुरुषांनी पाठवलेल्या प्रस्तावांना मंजुरी मिळण्याचं प्रमाण स्त्रियांच्या प्रस्तावांपेक्षा थोडं जास्त असे. २०१८ मध्ये प्रस्तावांवरून नावं काढून टाकली आणि लेखनातूनही ओळख पटू नये असा नियम केला. त्या फेरीत अठरा वर्षांत पहिल्यांदाच स्त्रियांच्या प्रस्तावांचं यशाचं प्रमाण पुरुषांच्या किंचित पुढे गेलं. परीक्षकांच्या चर्चेचा रोखही बदलला: हा कोण, याने आधी काय केलंय, याऐवजी प्रश्न किती महत्त्वाचा आहे यावर बोलणं होऊ लागलं. त्यानंतर नासाने हीच पद्धत खगोलशास्त्रातल्या आपल्या इतर कार्यक्रमांनाही लावली.